फर्मागुडीची चढण आणि सायकलची मोटर

प्रश्न : माझे वडील साठी ओलांडलेले आहेत. रोज पहाटे म्हार्दोळहून फोंड्याच्या बाजारात सायकलवरून जायांच्या फाती (जाईच्या फुलांच्या माळा) आणि इतर फुलं घेऊन जातात. सायकल जुनी, काळी, २८ इंची, रॉडब्रेकची. हल्ली फर्मागुडीच्या चढणीवर दम लागतो म्हणून उतरून ढकलत नेतात. स्कूटर नको म्हणतात. याच सायकलला इलेक्ट्रिक किट बसवावं का? एका विक्रेत्याने १००० वॉटची मोटर घ्या म्हणून सांगितलंय. – एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : दम नव्यानेच लागायला लागला असेल तर आधी बाबांना डॉक्टरांकडे न्या. मोटरीचं त्यानंतर बघू.

१००० वॉटची मोटर घेऊ नका. केंद्रीय मोटर वाहन नियमांप्रमाणे २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर असेल, २५ किलोमीटरच्या वेगाला तिची मदत बंद होत असेल आणि पेडल थांबवल्यावर तीही थांबत असेल, तर ती सायकलच धरली जाते. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर मात्र हवा. १००० वॉट लावलेत की ते नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं वाहन झालं. उद्या बाजारात कुणाला धक्का लागला तर निस्तरणार कोण? बाबाच.

शिवाय एवढ्या ताकदीची गरजही नाही. बाबा, सायकल, मोटर, बॅटरी आणि फुलं मिळून १०५ किलो धरू. शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल आणि वेग ताशी १० किलोमीटर असेल, तर सगळी मिळून साधारण १७० वॉट ताकद लागते. त्यातले पन्नास-साठ वॉट बाबांचे पाय सहज देतील. चढ याहून तिखट आला तरी छोटी मोटर आणि पाय मिळून निभावतात. मात्र पाय चालू राहिले पाहिजेत. पेडल न मारता नुसत्या ॲक्सिलरेटरवर मोटरीला चढावर रेटलं की चाक हळू फिरतं, करंट वाढतो आणि वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तापतं. मी मोटरी वाइंड करतो. काळी पडलेली, जळक्या वार्निशचा वास मारणारी कॉइल हातात आली की ती अशीच रेटलेली असणार, हे न विचारता कळतं. म्हणून मोटर आत गिअर असलेली हबमोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, घ्या. ती हलकी असते आणि कमी वेगात जास्त जोर देते.

आता तुमचा खरा प्रश्न, हीच सायकल का. माझं स्पष्ट मत : नको.

कारण ब्रेक. रॉडब्रेकचे रबर रिमला आतून, स्पोकच्या बाजूने, वर ओढून धरतात. त्यासाठी रिमचा आकारही खास असतो. किटबरोबर येणारं चाक बाजूने पकडणाऱ्या ब्रेकचं किंवा डिस्कचं असतं, त्यावर तुमचे रॉडब्रेक धरणार नाहीत. मग नुसती मोटर घेऊन जुन्याच रिममध्ये विणावी म्हटलं, तर या सायकलींच्या मागच्या रिमला स्पोकची ४० भोकं असतात, पुढच्या रिमला ३२ आणि मोटरीला बहुतेक ३६. जमवणारे जमवतात, पण चाक नीट बसत नाही. आणि जमलंच तरी क्रोमची रिम पावसात भिजली की रबर नुसतं घसरतं. जायांचा बहर पावसाळ्यातला. म्हणजे बाबा सगळ्यात जास्त फुलं घेऊन, ओल्या रस्त्यावर, फर्मागुडीचा उतार याच ब्रेकवर उतरणार, आणि वर मोटर-बॅटरीचे सहा-सात किलो जास्तीचे. चढण सोपी करून उतार धोक्याचा करायचा नाही.

जुनी सायकल घरीच राहू द्या. किटसाठी २६ इंची, लोखंडी फ्रेमची, डिस्कब्रेकची सेकंडहँड सायकल बघा. मोटर मागच्या चाकात घ्या. पुढच्या चाकात बसवायला सोपी, पण तिथे फोर्कची खाच फाटली तर माणूस तोंडावरच पडतो. ब्रेकचे दांडे किटमधलेच लावा. त्यात स्विच असतो, ब्रेक दाबताक्षणी मोटर बंद होते.

बसवताना मेकॅनिकजवळ उभे राहा आणि ॲक्सलकडे बघा. मोटरीचा ॲक्सल दोन बाजूंनी चपटा केलेला असतो, तो फ्रेमच्या खाचेत घट्ट बसायला हवा. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा ॲक्सलला तेवढ्याच जोराने उलटं फिरायचं असतं. त्याला धरून ठेवायला लोखंडाची पट्टी येते, तिला टॉर्क आर्म म्हणतात. ‘नट घट्ट आवळलाय, पट्टी कशाला’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ॲक्सल फिरला की खाच रुंदावते, वायर पिळवटून तुटते आणि चाक निखळू शकतं. पहिल्या आठवड्यानंतर नट पुन्हा आवळून घ्या.

पाऊस वायरीच्या कडेने वाहत आत शिरतो. म्हणून मोटरीत आणि कंट्रोलरमध्ये (मोटरीला वीज मोजून देणाऱ्या डबीत) जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग वर घ्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून जातं. कनेक्टरची तोंडं खाली ठेवा. रस्त्यावर ॲक्सलएवढं पाणी असेल तर सायकल घालू नये.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची लिथियम पुरे. तिच्यात ३६० वॉट-अवर मावतात. ओझं आणि चढ धरून किलोमीटरला १५ गेले तरी फोंड्याला जाऊन-येऊन शिल्लक राहील. लेड-ॲसिड स्वस्त दिसते, पण तेवढ्यासाठी दहा-बारा किलो वजन बाबांनी का वाहायचं?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांतले सेल काढून सायकलची बॅटरी घरी बनवता येईल का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : बनवू नका. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र जोडले की दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि आधीच भरतो, आणि तोच तापतो. लिथियमने पेट घेतला की धूर विषारी असतो आणि विझलेली बॅटरी पुन्हा भडकू शकते. तयार बॅटरी घ्या, आत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) आहे ना विचारा, आणि चार्जर तिच्याबरोबरचाच वापरा. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम-आयनला ४२ व्होल्टचा चार्जर लागतो. पिन बसते म्हणून दुसरा जोडू नये. चार्जिंग फरशीवर आणि जागेपणी करा, घराबाहेर पडायच्या वाटेत मात्र नको.