‘लोड’ आवडतो, हे लपवू नकोस

प्रिय,

मामा आणि त्याच्या मित्रांसमोर तू मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘लोड’ हा तुझा सर्वांत आवडता अल्बम म्हणालीस आणि सगळे तुझ्यावर तुटून पडले. ‘१९८८ नंतरची मेटॅलिका ही मेटॅलिकाच नाही,’ असंही ऐकवलं. आपल्याला अजून कान आला नाही का, असं तू विचारतेस. कान आहे तुला. गेली काही वर्षं तुला गिटार शिकवतोय, म्हणून खात्रीने सांगतो. आवड लपवू नकोस. मात्र त्या मंडळींच्या रागात काय काय मिसळलंय ते समजून घे.

त्यांच्या काळात काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मधून एकाने कॅसेट आणायची आणि बाकीच्यांनी ती भरून घ्यायची. घरच्यांना तो निव्वळ गोंगाट वाटायचा. तो गोंगाट आवडणारं कुणी भेटलं की दोस्ती पक्की. १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ त्यांनी असा, मोजक्या माणसांत, जिवापाड जपला. मग १९९१ साली काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला. निर्माता बॉब रॉक, म्हणजे मॉटली क्रूसारख्या चकचकीत बँडबरोबर काम केलेला माणूस. वेग उतरला, गाणी आटोपशीर झाली. त्याआधीच्या, १९८८च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’चं शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचं होतं, आणि आता ‘एंटर सँडमन’ साडेपाच मिनिटांत संपत होतं. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या दीड कोटींहून जास्त प्रती खपल्या. काल ज्यांनी नाकं मुरडली तेच ‘नथिंग एल्स मॅटर्स’ गुणगुणायला लागले. चार जणांचं होतं ते सगळ्यांचं झालं. मामाला ते लागलं, आणि ते लागणं खोटं नव्हतं.

तरी एक गोष्ट त्याला विचारून बघ. ‘पैशासाठी विकले गेले’ ही ओरड पहिल्यांदा कधी झाली? १९८४ साली! ‘राइड द लायटनिंग’ हा त्यांचा जेमतेम दुसरा अल्बम. त्यातलं ‘फेड टू ब्लॅक’ अकूस्टिक गिटारने, संथ सुरू होतं, एवढ्यावरून पहिल्या अल्बमचे चाहते बिथरले होते. आज तेच गाणं जुन्या चाहत्यांच्या गळ्यातला ताईत आहे. १९८९ साली ‘वन’चा व्हिडिओ निघाला, तेव्हाही काहींना तो विश्वासघात वाटला, कारण तोवर हे लोक व्हिडिओ करत नसत. प्रत्येकाने आपापल्या तरुणपणी हाती लागलेल्या अल्बमच्या पुढे रेघ ओढलेली दिसते. मामाची रेघ ८८ला आहे, एवढंच.

आता ‘लोड’. १९९६ साली चौघे केस कापून आले, लोगो बदलला, आत अँटन कॉर्बेनने काढलेले डोळ्यांत काजळ घातलेले फोटो. संगीतात ब्लूज शिरलं, एका गाण्यात तर चक्क कंट्री. थ्रॅश, म्हणजे सुसाट वेगाचं मेटल, ऐकायला बसलेल्या माणसाला हे पचणं अवघडच होतं. पण त्या गदारोळात शब्दांकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं. गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफील्डची आई तो सोळा वर्षांचा असताना कॅन्सरने गेली. कुटुंब ख्रिश्चन सायन्स पंथाचं, औषधोपचार न मानणारं. १९९१च्या अल्बममधल्या ‘द गॉड दॅट फेल्ड’मध्ये त्याने त्या श्रद्धेवरचा राग काढला होता. ‘लोड’मधल्या ‘अंटिल इट स्लीप्स’मध्ये राग ओसरून खालचं दुःख वर आलंय. ते त्याला सुसाट डाउनपिकिंगवर गाता आलं असतं असं मला वाटत नाही. तुला ‘लोड’मध्ये जे भिडलं ते हेच असणार.

याचा अर्थ प्रत्येक बदलाची पाठराखण करायची असाही नाही. २००३च्या ‘सेंट अँगर’मध्ये ड्रमर लार्स उलरिकने स्नेअर ड्रमच्या तारा सैल सोडल्या. तो डब्यासारखा टणत्कार तासाभरात मला नकोसा होतो, आणि गिटार सोलो एकही नाही. २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मधल्या गाण्यांचं मोल मी मानतो. पण आवाज इतका चढवून दाबलाय की तो फाटतो. ‘गिटार हिरो’ खेळातली त्याच अल्बमची प्रत जास्त स्वच्छ आहे हे चाहत्यांनी कानाने ओळखलं आणि पुन्हा मिक्स करा म्हणून हजारो सह्या गोळा केल्या. ही तक्रार मला मोलाची वाटते. शैली बदलली म्हणून रुसणं वेगळं आणि काम कच्चं झालं हे दाखवून देणं वेगळं. आणि हो, मामाच्या लाडक्या ८८च्या अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. हेही त्याला सांग, प्रेमाने.

३० ऑक्टोबर २०११ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मी होतो. ‘काळा अल्बम म्हणजे शरणागती’ असं वर्षानुवर्षं म्हणणारी माणसं माझ्या शेजारी उभी राहून ‘नथिंग एल्स मॅटर्स’ गळा भरून गात होती. वीस वर्षांत गाणं तेच राहिलं होतं, ऐकणारे पुढे सरकले होते. तेव्हा मामाशी भांडून त्याला लोडप्रेमी करायला जाऊ नकोस. त्याच्याकडून ‘मास्टर ऑफ पपेट्स’ त्याच्या पद्धतीने ऐकून घे. कुठे थांबून तो ‘हे ऐक’ म्हणतो ते बघ. तुझ्या उजव्या हाताला त्याचा फायदाच होईल.

आणि तुझीही पाळी येईल. ज्या बँडवर तू आज जीव टाकतेस तो कधीतरी तुझ्या ओळखीचा राहणार नाही. तेव्हा पहिल्या ऐकण्यात निकाल देऊ नकोस. काही दिवस जाऊ दे, पुन्हा ऐक. तरी नाही आवडलं तर खुशाल नाही म्हण, पण कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी काय खटकलं ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. जुने अल्बम तुझ्याकडचे कोणी काढून नेत नाही.

पुढच्या तासाला येण्याआधी २०२३चा ‘७२ सीझन्स’ पूर्ण ऐकून ये. बहात्तर ऋतू म्हणजे माणसाची पहिली अठरा वर्षं. साठीला टेकलेला हेटफील्ड त्यात पुन्हा त्या वयाकडे वळलाय. शीर्षकगीताची रिफ आपण हळू लयीत बसवायला घेऊ.

तुझे सर