अंगठे दोनशे, माणसं तीन

प्रश्न : आमची छोटी संस्था दृष्टिहीन विद्यार्थ्यांना कॉलेजच्या परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देते. यंदा १४ मुलं-मुली आहेत. व्हॉट्सॲपवर 'समाजासाठी थोडा वेळ द्या' असं आवाहन टाकलं. दोनशेच्या वर अंगठे आणि जोडलेले हात आले. परीक्षेला आले तिघंच. लोक इतके स्वार्थी झालेत, की आमचंच काही चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून हसू आलं, राग मानू नका. पुण्यात मी अकरा वर्षं हेच काम केलं. त्यातली पहिली चार 'लोकांना कसलं काही पडलेलंच नाही' असं भेटेल त्याला सांगण्यात घालवली. मग एका भाद्रपदात आमच्याच गल्लीतला एक मुलगा रात्री दोन वाजता मांडवाच्या बांबूंना सुतळी बांधताना दिसला. मला त्याने दोनदा 'काकू, खरंच वेळ नाही हो' सांगितलं होतं. वेळ होता की! तिथे बांबू कुणी धरायचा हे ठरलेलं होतं, बरोबर चार मित्र होते, चहा येत होता आणि विसर्जनाला सुटका होती. माझ्याकडे यातलं काय होतं? एक पत्रक, त्यावर पणतीचं चित्र.

'थोडा वेळ' म्हणजे किती, ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. तीन तासांचा पेपर, दृष्टिहीन परीक्षार्थीला तासाला वीस मिनिटं वाढीव, म्हणजे चार तास. अर्धा तास आधी पोचायचं, जाणं-येणं वेगळं, आणि वार कामाचा. वाचणाऱ्याला वाटतं रविवारचा तासभर असेल. खरं कळलं की तो नाही म्हणत नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'बघतो, कळवतो' म्हणतो, आणि तुम्ही त्याचं नाव वहीत लिहून ठेवता.

त्यात लेखनिक परीक्षार्थीपेक्षा शिक्षणाने खालच्या पायरीवरचा लागतो. म्हणजे तुमच्या ग्रुपवर ज्यांच्याकडे सवड आहे ते निवृत्त प्राध्यापक, बँकवाले, आणि मीसुद्धा, सगळे बाद. त्या दोनशे अंगठ्यांतले किती मुळात चालणारे होते, मोजून बघा. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका नवं पेन घेऊन आल्या होत्या. 'तुम्ही एम.ए., चालणार नाही' असं सांगून मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्यांच्याकडून पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, हे सुचायला मला दोन वर्षं लागली. फोन केला तेव्हा त्या एका वाचनालयाचं काम बघत होत्या.

'पूर्वी माणसं मिळायची' असं तुमचे विश्वस्त म्हणत असतील. पूर्वी म्हणजे दुपारी दोन ते पाच घरी असणाऱ्या बायका. त्यांच्या फुकटच्या दुपारींवर किती संस्था चालल्या याचा हिशोब कुणी मांडला नाही. त्यांच्या मुली आता नोकरीला जातात आणि सातला घरी येऊन कुकर लावतात. बरंच झालं म्हणायचं.

राहिले विद्यार्थी. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. कॉलेजातल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना मार्चमध्ये नाही, दिवाळी झाली की भेटा. 'हे काय, प्रमाणपत्रासाठी येतात' म्हणून नाक मुरडू नका. आपणही हळदीकुंकवाला वाण मिळतं म्हणून गेलोच आहोत. मात्र त्यांच्याही परीक्षा त्याच सुमारास असतात, म्हणून एका पेपरला दोघांना सांगून ठेवा. आवाहन असं लिहा : '१८ मार्च, सकाळी १०.३० ते ३, गंगापूर रोड. इतिहासाचा पेपर. बारावी झालेली, जिचं अक्षर इतरांना वाचता येईल अशी व्यक्ती हवी. रिक्षाचे पैसे आम्ही देऊ.' सेवेला पैसे कसले, असं विश्वस्तांपैकी कुणीतरी म्हणेलच. त्यांना म्हणावं, एकदा शहर बसने जाऊन या.

आणखी एक. लिहायला येणारी मुलं घाबरतात. 'माझ्यामुळे तिचे मार्क गेले तर?' हे कुणी बोलून दाखवत नाही, आदल्या रात्री ताप आल्याचा मेसेज येतो. लेखनिक आणि परीक्षार्थी, दोघांना आधी तासभर एकत्र बसवा, जुनी प्रश्नपत्रिका द्या. सांगणारी किती वेगाने बोलते, नवा परिच्छेद कसा सांगते, विशेषनामाचं ऱ्हस्व-दीर्घ सांगते की लिहिणारीवर सोडते, हे तिथेच कळतं. हा सराव सुरू केल्यावर आमच्याकडचे ताप बरेच उतरले.

आणि निकाल कळवा. आमच्याकडे बारावी झालेली एक मुलगी बी.ए.च्या विद्यार्थिनीचे सहा पेपर लिहून गेली. जूनच्या शेवटी तिचा फोन आला, 'काकू, आपल्याला किती पडले?' निकाल लागून तीन आठवडे झाले होते आणि मी तिला सांगितलंच नव्हतं. ६४ टक्के, म्हटलं. ती 'हं' म्हणाली. पुढच्या वर्षी मी दोनदा फोन केला. 'बघते, कळवते' म्हणाली.