मोर्चा फॅसिस्टांचा, मग झुंज पोलिसांशी कशी?

प्रश्न : माझी मुलगी लंडनला शिकते. तिने केबल स्ट्रीटवरच्या भल्यामोठ्या भित्तिचित्राचा फोटो पाठवला. त्यात लोक पोलिसांच्या घोड्यांना भिडलेत. मोर्चा फॅसिस्टांचा होता म्हणे. मग झुंज पोलिसांशी कशी? आणि तिचा अभिमान का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, ४ ऑक्टोबर १९३६ला ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वल्ड मोस्ली याला आपले काळे शर्टवाले अनुयायी लंडनच्या ईस्ट एंड भागातून मिरवायचे होते. वस्ती ज्यूंची, शिंपीकाम करणाऱ्यांची, गोदी कामगारांची. मोर्चा मुद्दाम त्यांच्याच दारावरून! लोकांनी आधी दगड उचलला नाही. आधी लाखभर सह्या गोळा करून सरकारकडे बंदी मागितली. सरकारने नकार दिला आणि वाट मोकळी करायला सहा हजारांवर पोलीस पाठवले. म्हणून गाठ पोलिसांशी पडली. त्या सह्यांचा अर्ज हल्ली कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गार्डिनर्स कॉर्नरला एवढी गर्दी, की घोड्यांनाही वाट फुटेना. एका चालकाने ट्राम भर चौकात सोडून दिली. मग पोलीस केबल स्ट्रीटकडे वळले. तिथे रस्त्यात लॉरी आडवी पाडलेली, टापांखाली गोट्या सोडलेल्या. वरच्या खिडक्यांतून बायका कुजकी भाजी फेकत होत्या, रात्रीची मुताची भांडीसुद्धा ओतत होत्या. अखेर पोलीस आयुक्त फिलिप गेम यांनी मोस्लीला माघारी धाडलं.

ज्यूंच्या जोडीला आयरिश गोदी कामगार उभे राहिले, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९१२च्या गोदी संपात त्यांची उपाशी पोरं ज्यू कुटुंबांनी घरी ठेवून घेतली होती. ती ओळख चोवीस वर्षं टिकली.

खिडकीतल्या त्या बायकांची नावं कुठे आहेत? आपल्याकडेही १९३०चा काळाराम मंदिर सत्याग्रह म्हटलं की बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड आठवतात, आठवायलाच हवेत. पण त्यात उतरलेल्या बायकांची नावं तुमच्या पंचवटीत किती जणांना सांगता येतील? घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारून लिहून ठेवा.

मुलीला एवढं मात्र सांगा, की त्या दिवशी सगळं मिटलं नाही. पुढच्याच रविवारी माइल एंड रोडवर ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या. राजकीय गणवेशांवर बंदी घालणारा कायदा त्याच वर्षी झाला. तरी १९३७च्या लंडन कौंटी कौन्सिलच्या निवडणुकीत बेथनल ग्रीनच्या एका मतदारसंघात मोस्लीच्या पक्षाला सुमारे २३ टक्के मतं पडली. जागा मात्र एकही मिळाली नाही.