वाचकांचे प्रश्न : शाळेचं म्युझियम होतंय, पण रंग मारायची घाई नको

प्रश्न : आमच्या जुन्या शाळेत आता वर्ग भरत नाहीत, तिथे स्थानिक इतिहासाचं म्युझियम करायचं ठरलंय आणि समितीत मीपण आहे. बाकीचे म्हणतायत आधी फळे-बाकं काढून आतून मस्त रंग मारू, हजेरीपटांना वाळवी लागलीये तर ते रद्दीत घालू. मला हे अजिबात पटत नाहीये, पण काय सांगून थांबवू?

उत्तर : आधी ती रद्दी थांबवा, आजच. हजेरीपट म्हणजे कोण शिकायला आलं, कोण मधेच गळालं, कुठल्या महिन्यात निम्मा वर्ग गैरहजर होता, हे सगळं त्या त्या दिवशी लिहिलेलं असतं, असा इतिहास नंतर बसून कुणालाच लिहिता येत नाही. वाळवी लागलेले गठ्ठे बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, सावलीत मऊ ब्रशनं हळू झटका, कागदावर औषध मारू नका. आणि प्लीज लॅमिनेशन नको! लोक प्रेमानं करतात पण एकदा केलं की कागद परत सुटा होत नाही. सेलोटेपचंही तेच, काही वर्षांनी डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो. मूळ पट बंद ठेवा, प्रदर्शनात फोटोकॉपी लावा, आणि त्यात हयात माणसांची खासगी माहिती असेल तर ती झाका.

आता फळ्यांचं. २०१५ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या इमर्सन हायस्कूलमध्ये नूतनीकरण करताना फळे काढले तर मागे अजून जुने फळे निघाले, त्यांच्यावर १९१७ सालचे धडे, रंगीत खडूची चित्रं, गुणाकाराचं एक गोल चक्र, सगळं जसंच्या तसं. खडू हो, जो बाहीनं पुसला जातो! म्हणून तुमच्याकडेही काहीही उखडण्याआधी मागे काय आहे ते बघा आणि प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा.

रंगाबद्दल जपानमधल्या मात्सुमोतोची काइची शाळा सांगते. १८७६ मध्ये बांधलेली, पैसा बराचसा तिथल्या लोकांनीच उभा केलेला, १९६३ पर्यंत वर्ग भरले आणि १९६५ पासून ती म्युझियम आहे. इमारत लाकडी, पण सुतारानं पाश्चात्त्य इमारती बघून येऊन कोपऱ्यांना गिलावा असा केलाय की दगडच वाटावा. कुणी वरून एकच रंग फासला असता तर त्या माणसाची कारागिरी गेलीच असती ना. २०१९ मध्ये जपाननं तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला.

म्हणून समितीला सांगा, निदान एक वर्ग आहे तसा ठेवा, बाकांवर कोरलेल्या नावांसकट, पॉलिश न करता. मग जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून त्या बाकावर बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, जागेवर बसलं की माणूस आपोआप बोलायला लागतो. सुरुवात सगळ्यात वयस्कर आहेत त्यांच्यापासून करा, आणि ग्रुप फोटोतली नावं त्यांच्याकडून याच महिन्यात विचारून घ्या, फोटोच्या मागे पेनानं नाही, मऊ पेन्सिलनं हलकंच लिहा.