लव्हेंडरचे तेल: किती थेंब, कुठे, आणि कधी अजिबात नाही

गेल्या लेखात सुगंधी तेलांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या लव्हेंडरबद्दल आहेत, म्हणून आज फक्त त्याचीच प्रश्नोत्तरे.

प्रश्न : ताई, माझं वय ५२. रात्री दोन-अडीचला जाग येते ती पहाटेपर्यंत. मैत्रीण म्हणते, उशीवर लव्हेंडरचं तेल शिंपड. खरंच फरक पडतो का? (ठाणे)

थोडा पडतो. या तेलात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे दोन मुख्य घटक असतात. त्यांच्या वासाने बऱ्याच जणांना शांत वाटतं, अंग सैलावतं, डोळा लागायला मदत होते. झोपेवरच्या अभ्यासांचा कलही त्याच बाजूचा आहे, मात्र ते बहुतेक लहान आहेत. शिवाय वास लपवता येत नाही. आपल्याला लव्हेंडर दिलंय हे माणसाला कळतंच, त्यामुळे गुण तेलाचा किती आणि भरवशाचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं.

उशीवर मात्र शिंपडू नका. गाल, पापण्या रात्रभर त्यावर घासतात. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घ्या आणि तो उशाशी वाटीत ठेवा. डिफ्यूजर (पाण्यातून वास हवेत पसरवणारं यंत्र) असेल तर पाण्यात तीन-चार थेंब, झोपण्याआधी अर्धा तास, मग बंद. रात्रभर चालू ठेवून फायदा वाढत नाही. नाक तो वास थोड्या वेळात टिपेनासं होतं आणि बंद एसी खोलीत डोकं मात्र धरतं. घरात कुणाला दमा असेल तर आधी त्यांना विचारा.

आणि तुमचं वय पाहता एक विचारते : जाग येते तेव्हा घाम फुटलेला असतो का, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं का? पाळी जाण्याच्या काळातली ही जाग असेल तर ती वासाने थांबणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, त्यावर चांगले उपाय आहेत.

ता. क. जर्मनीत चिंतेच्या तक्रारीसाठी लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते आणि तिच्या रीतसर चाचण्याही झाल्या आहेत. ते वाचून काही जणी बाजारातल्या बाटलीतले थेंब दुधात घालून पितात. कृपा करून हे करू नका. ती कॅप्सूल औषधाच्या दर्जाची असते, मात्रा ठरलेली असते. आपल्या बाटलीवर 'बाह्य वापरासाठी' असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही.

प्रश्न : एका दुकानात १० मिलिलिटरची बाटली १२० रुपयांना, दुसरीकडे ७०० ला. काश्मीरच्या सहलीतून नणंदेने आणलेली आणखी वेगळीच वासाला. खरी कुठली? (नाशिक)

१२० वाली बहुधा लव्हेंडरची नव्हेच. हिशेब सोपा आहे. फुलांच्या शंभर किलो ताज्या तुऱ्यांमधून, वाफेवर ऊर्ध्वपातन करून, एक लिटरच्या आसपास तेल निघतं. त्यात तोडणी, भट्टी, वाहतूक, बाटली आणि दुकानदार. एवढ्या स्वस्तात मिळतो तो कृत्रिम सुगंध, किंवा खरं तेल बिनवासाच्या द्रावकात पातळ केलेलं. खोलीला वास यायला तेही चालेल. अंगाला लावायला नको.

खऱ्यातही दोन जाती बाजारात असतात. लेबलवर 'लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया' असेल तर ते मूळ लव्हेंडर : गोडसर, मऊ वास. दुसरं लॅव्हँडिन, म्हणजे दोन लव्हेंडरांचा संकर. त्याला तेल कितीतरी जास्त सुटतं म्हणून ते स्वस्त पडतं. साबण, फिनेलसारख्या वस्तूंत तेच जातं. त्यात कापूर जास्त असतो, त्यामुळे वास जरा उग्र, नाकात चढणारा. लबाडी त्यात काही नाही, फक्त झोपेसाठी घ्यायचं तर पहिलं घ्या.

नणंदेची बाटली भदरवाहची असेल तर ती मोलाची, पुरवून वापरा. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या या डोंगराळ भागात मका पिकवणारे शेतकरी आता लव्हेंडर लावतात. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून जम्मूच्या आयआयआयएम या तिच्याच संस्थेने त्यांना रोपं दिली, तेल काढायची सोय करून दिली. फ्रान्सच्या तेलापेक्षा वास थोडा वेगळा लागेल. माती, उंची, हंगाम बदलला की तेल बदलतंच. वेगळा वास म्हणजे भेसळ असा निष्कर्ष काढू नका.

घरगुती परीक्षा एकच, आणि तीही अर्धीच : टिपकागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. तेलकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल किंवा तसलं काही मिसळलंय. डाग नाही राहिला म्हणून शुद्ध, असं मात्र नाही, कारण कृत्रिम लिनालूलही तसंच उडून जातं. नक्की कळतं ते जीसी-एमएस तपासणीतून, म्हणजे प्रयोगशाळेत तेलातला एकेक घटक वेगळा करून ओळखतात तीतून. चांगले विक्रेते त्या-त्या घाण्याचा (बॅचचा) अहवाल मागितल्यावर देतात. जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडून मी घेत नाही.

प्रश्न : भाजल्यावर लव्हेंडर तेल थेट लावावं, एका फ्रेंच शास्त्रज्ञाचा हात त्यानेच बरा झाला, असं सगळीकडे वाचते. खरं आहे का? (कोल्हापूर)

तो शास्त्रज्ञ रेने-मॉरिस गॅटफोसे. १९१० मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला, तो भाजला, आणि पुढे जखमा चिघळून गॅस गँगरीन झालं. त्या चिघळलेल्या जखमांवर त्याने लव्हेंडरचा अर्क वापरला आणि गुण आला, असं त्याने १९३७ च्या आपल्या 'अरोमाथेरापी' या पुस्तकात लिहिलं. 'जळता हात शेजारच्या लव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि वेदना पळाली' ही गोष्ट नंतर रंगवलेली आहे. शिवाय तो काळ प्रतिजैविकांच्या आधीचा.

कुकरची वाफ लागली, फोडणीचं तेल उडालं, तर भाजलेली जागा वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, लव्हेंडरही नको. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल तर दवाखाना.

प्रश्न : केस फार गळतात. खोबरेल तेलात लव्हेंडर किती घालू? (पुणे)

१०० मिलिलिटर खोबरेलला २० थेंब, म्हणजे साधारण १ टक्का. थंडीत खोबरेल गोठलेलं असेल तर आधी कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करा, गार होऊ द्या, मग थेंब घाला. गरम तेलात घातले तर वास स्वयंपाकघरात राहील, केसांत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

केस त्याने उगवतील का? या बाबतीत सगळे १९९८ च्या स्कॉटलंडमधल्या चाचणीचा दाखला देतात. ती झाली होती चाई पडलेल्या, म्हणजे डोक्यावर चकत्या पडून केस गेलेल्या रुग्णांवर. थाइम, रोझमेरी, लव्हेंडर आणि सीडरवुड अशी चार तेलं एकत्र करून सात महिने रोज मालिश केलं गेलं. ४४ टक्के लोकांना फरक पडला. ही चार न घालता नुसत्या साध्या तेलाने मालिश केलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. आकडे चांगले आहेत, पण चाई वेगळी आणि तुमची केसगळती वेगळी, आणि चारांतलं श्रेय एकट्या लव्हेंडरला देता येत नाही. तुम्ही हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. तेल वासासाठी लावा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वीची बाटली आता लावली की खाज येते. पूर्वी येत नव्हती. (बेळगाव)

तेल शिळं झालंय. हवा लागली की लिनालूलचं ऑक्सिडीकरण होतं आणि तयार होणारे पदार्थ त्वचेला ॲलर्जी आणतात. एकदा ती जडली की पुढे ताज्या तेलानेही, साबणानेही त्रास होऊ शकतो, म्हणून लावणं आजच थांबवा. नवी बाटली आणाल ती लहान आणि गडद काचेची घ्या, बूच घट्ट लावा, उजेडापासून दूर ठेवा आणि वर्षभरात संपवा.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा आहे, घरात मांजरही आहे. डिफ्यूजर लावू का? (पणजी)

नको. दोन वर्षांखालच्या मुलाजवळ कुठलंच सुगंधी तेल मी सुचवत नाही. मुलग्यांमध्ये स्तनवाढ होते, ही भीती २००७ च्या एका वैद्यकीय अहवालातून पसरली. त्यात तीन मुलगे होते, लव्हेंडर किंवा टी-ट्री (आणखी एक सुगंधी तेल) असलेल्या वस्तू वापरणारे, आणि त्या वस्तू बंद केल्यावर वाढ ओसरली. पुढच्या अभ्यासांनी त्यावर बरीच शंका घेतली आहे, तेव्हा घाबरून जाऊ नका. मांजराचं कारण जास्त ठोस आहे : असे पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची तिच्या यकृताची क्षमता फारच कमी. अंगावर थेंब पडला तर ती चाटणार, आणि पोटात जाणार. बाटली कुलपात ठेवा.

प्रश्न : कुंडीत लव्हेंडर लावलं, पावसाळ्यात मेलं. (चिपळूण)

मरणारच. त्याला कोरडी हवा, भरपूर ऊन आणि पाणी न धरणारी माती लागते, कोकणचा आषाढ त्याला सोसत नाही. मोगरा लावा.