आईला विचारलंस का?

प्रिय पोरी,

तुझी कथा पोचली. खरेदी केंद्रावर बाबांचा कापूस ओला ठरला, भाव कापला गेला, बाबा घरी येऊन न जेवता झोपले. हे तुमच्या घरात घडलेलं आहे, हे वाचताना कळतं. पण जिथं सगळ्यात जास्त दुखतं, नेमकं तिथंच तू उसने शब्द वापरलेस. 'डोळ्यांत वेदनांचा सागर' हे कोणाच्याही बापाबद्दल लिहिता येतं. बाबांनी त्या रात्री पायातल्या चपला कुठं काढल्या, ताट सरकवताना काय म्हणाले, हे फक्त तुलाच माहीत आहे. ते लिही.

आणि पहिल्याच पानावर तू एक वाक्य सहज टाकून पुढं गेलीस: 'आई उजाडायच्या आत पऱ्हाटीत उतरायची, कारण आठ वाजता तिला दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं वेचायला जायचं असायचं.' मी तिथंच थांबलो. उजाडायच्या आत पऱ्हाटीतून वेचलेला कापूस म्हणजे दहिवरात, पहाटेच्या दवात भिजलेला कापूस. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. मग ओलावा मोजायच्या यंत्रावरचा तो आकडा आला कुठून? बाबांना हे ठाऊक होतं का? आईला ठाऊक होतं का? त्या रात्री दोघांपैकी कोणीच का बोललं नाही? तुझी कथा इथं आहे, पोरी. केंद्रावर माल तपासणाऱ्या ग्रेडरला खलनायक करून ती हातची जाईल.

म्हणून पुन्हा लिहायला बसण्याआधी विचारत फीर. आईला विचार, भावाला विचार, गाडी घेऊन गेलेल्या माणसाला विचार. तिघं तीन गोष्टी सांगतील. भाऊ म्हणेल, बाबा जेवले होते. त्याला खोटं पाडू नको, तेही टिपून ठेव. हे आपल्याच मातीतलं काम आहे. रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र असंच उभं केलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरांना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि सांगणाऱ्यांत फरक पडला तर तोही नोंदवला. मराठी गद्याचा पाया अशा विचारपुशीवर घातला गेला, आणि तोही मोर्शी तालुक्यातल्या एका गावात. मला याचा फार अभिमान वाटतो.

आईला विचारताना वही काढू नको. वही दिसली की ती 'तसं काई नाई व माय' म्हणून उठून जाईल. तुरीच्या शेंगा सोलायला तिच्याजवळ बस. हात चालू असले की माणूस बोलतं.

ती जशी बोलेल तशीच ती कथेत बोलू दे. तुझ्या कथेतली आई 'मला काहीच सुचत नाही' म्हणते. कोणत्या घरातली आहे ही बाई? 'मले काईच सुचून नाई रायलं' असं लिही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल का, ही काळजी सोड. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' कादंबरीतल्या कौतिकच्या तोंडी वऱ्हाडीच ठेवली, आणि ती सगळ्या महाराष्ट्राला समजली. निवेदन तुझ्या प्रमाण मराठीत राहिलं तरी चालेल.

नावं बदल, गाव बदल. कृषी केंद्राची उधारी किती, हा आकडा तर नक्कीच बदल. गावात तो कोणाचा आहे हे लगेच ओळखतात. पहाटेची वेचणी मात्र बदलू नको, ती काढलीस तर काहीच उरत नाही. आणि कथा कुठंही पाठवण्याआधी आईबाबांना वाचून दाखव. आई नको म्हणाली, तर ठेवून दे. स्पर्धेची तारीख गेली तर जाऊ दे, आईला त्याच घरात राहायचं आहे.

आता मला कथा पाठवू नको. आई त्या पहाटेबद्दल काय सांगते, तेवढंच तिच्या शब्दांत लिहून पाठव. मधे तुझं एक वाक्यही घालू नको. मी वाट पाहतो.

तुझा,
काका