पप्पा सुरतला नाहीत

"मॅडम, मी लेकराशी खोटं बोलले. तेही प्रभूच्या कामाला गेले असताना."

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सिस्टरांनी हे सांगून टाकलं. त्या नवापूरकडच्या. उभी हयात एका मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली, निवृत्तीनंतर धुळ्यात मुलाकडे राहतात. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या चौघीजणी मिळून कैद्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करतात. कारागृहाची लेखी परवानगी असते तेव्हा आत जाऊन भेटतात, पण खरं काम बाहेरचं. ज्याचा माणूस आत आहे, त्याच्या घरी जायचं, विचारपूस करायची, पोरांच्या वह्या-पुस्तकांचं बघायचं. (सगळ्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

झालं होतं ते असं. ताप्ती लाईनवरच्या, म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या, एका गावातला तरुण शेतकरी सात महिन्यांपासून धुळ्याच्या तुरुंगात कच्चा कैदी होता, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचा होता. बांधावरून भाऊबंदकीत मारामारी झाली, समोरचा एक जण जबर जखमी झाला. मागे बायको, म्हातारे सासू-सासरे आणि तिसरीतली मुलगी. नाताळाच्या आठवड्यात सिस्टर त्या मुलीसाठी कंपासपेटी, रंगखडू आणि फ्रॉक घेऊन गेल्या. मुलीने फ्रॉक हातात धरूनच विचारलं, "तुम्ही सुरतले मन्हा पप्पाले भेटनात का?" आईने मागून डोळ्यांनी खुणावलं. सिस्टर म्हणाल्या, "हो बेटा, त्यांनीच पाठवलंय."

तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

त्यांचा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी सतत येतो. कधी कैद्याची बायको विचारते, कधी आजी, कधी शाळेतल्या बाई. बाप तुरुंगात आहे हे मुलांना सांगायचं की नाही? आणि आपण बाहेरचे, मदतीला गेलेले. मुलानं आपल्यालाच विचारलं तर काय बोलायचं?

आपल्या खानदेशात हे खोटं फार सोपं आहे. ताप्ती लाईनवरच्या कुठल्याही गावात दहा घरांतले दोन-तीन बाप सुरतला असतातच. कापड, हिरे, बांधकाम, काहीही. "सुरतले गयेल शे" म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. पण मुलं हिशोब करतात. सुरतला गेलेले बाप आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतात, दिवाळीला येतात, व्हिडिओ कॉल करतात. या मुलीचा बाप दिवाळीला आला नव्हता आणि एकदाही त्याचा चेहरा मोबाईलवर दिसला नव्हता.

सिस्टरांना मी आधी त्या भेटवस्तूबद्दल विचारलं. ती बापाच्या नावाने का दिली? त्यांनी सांगितलेली गोष्ट मला आवडली. अमेरिकेत मेरी के बिअर्ड नावाची बाई स्वतः तुरुंगवास भोगून आली होती. आत असताना तिने पाहिलं होतं, की नाताळात धर्मादाय मंडळींनी कैदी बायांना दिलेले साबण आणि टूथपेस्ट त्या स्वतः वापरत नाहीत. गुंडाळून ठेवतात आणि भेटायला आलेल्या लेकरांच्या हातात देतात. सुटल्यावर ती प्रिझन फेलोशिपमध्ये काम करू लागली. वॉटरगेट या अमेरिकेतल्या राजकीय घोटाळ्याच्या प्रकरणात शिक्षा भोगलेल्या चार्ल्स कोल्सन यांनी 1976 मध्ये ही संस्था सुरू केली होती. 1982 मध्ये बिअर्डबाईंनी अलाबामा राज्यातल्या बाजारपेठांमध्ये नाताळाची झाडं उभी केली आणि त्यांवर कैद्यांच्या मुलांची नावं लिहिलेले कागदी देवदूत लावले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी एक कागद उचलायचा आणि त्या मुलासाठी वस्तू आणायची. मात्र मुलाच्या हाती ती द्यायची त्याच्या आई-बापाच्या नावाने, देणाऱ्याच्या किंवा संस्थेच्या नावाने नाही. ही पद्धत 'एंजल ट्री' म्हणून पुढे देशोदेशी गेली.

सिस्टरही त्याच रीतीने वागल्या होत्या. आत जाऊन त्यांनी बापाला विचारलं होतं, पोरीला काय आवडतं? त्याला ती कितवीत आहे तेही नक्की आठवेना. "दुसरी असंन," म्हणाला आणि मान खाली घालून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "तिले चित्रं काढाले आवडस." म्हणून रंगखडू.

मी म्हटलं, "सिस्टर, मग यात बापाने दिलं हे खोटं नव्हतंच. खोटी होती ती फक्त सुरत."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जाऊन तिला खरं सांगू?"

नाही. इथे मी ठाम असते. सेवेला जाणाऱ्यांची तळमळ मला समजते, पण घरातली ही गोष्ट सांगण्याचा हक्क घरच्यांचा आहे. आपण परस्पर सांगितलं तर मुलाला बापाची बातमी कळते, पण त्याच वेळी आई आपल्याशी खोटं बोलत होती हेही कळतं, आणि ते परक्याच्या तोंडून. त्याच्याकडे उरलेलं एकच माणूस आपण त्याच्यापासून दूर करतो. मुलाने थेट विचारलं तर आपल्यापाशी एक खरं वाक्य तयार असावं: "हे मी नाही सांगू शकत बेटा, आपण आईला विचारू या." आणि आईला त्याच दिवशी बाजूला घेऊन सांगावं, की लेकरू विचारतंय.

पुढच्या आठवड्यात सिस्टर आईला घेऊन आल्या. सोबत सासरेही. त्यांचा पहिला रोख सिस्टरांवरच होता. या बाया धर्म बदलायला येतात का? आणि ज्याने गुन्हा केलाय त्याच्यापुढे देवाचं नाव कशाला? सिस्टरांनी शांतपणे सांगितलं, "बाबा, आमच्या शास्त्रात मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. उपाशी, उघडा, आजारी, तुरुंगातला, यातल्या कुणाहीकडे गेलात तर ते माझ्याकडेच आलात, असं प्रभू म्हणतो. म्हणून मी येते. तुम्ही प्रार्थना करावी म्हणून येत नाही." मी आठवण करून दिली, की याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि आपल्या अमळनेरचे साने गुरुजी ते उतरवून घेत. "ते सत्याग्रही होते," आजोबांनी लगेच फरक दाखवला. खरंच आहे. पण त्यानंतर ते सिस्टरांशी बोलू लागले.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "मॅडम, शाळेत तिले जेलवाल्याची पोर म्हनतीन. उद्या तिचं लग्न?" ही भीती खोटी नाही आणि मी तिला खोटी ठरवली नाही. फक्त विचारलं, गावात कोणाकोणाला माहीत आहे? ती बोटं मोजायला लागली आणि थांबली. सगळ्यांनाच माहीत होतं. ज्यांच्याशी मारामारी झाली त्यांची मुलं त्याच शाळेत होती.

मग तिने एक सांगितलं. कोर्टाच्या तारखा ती कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलने लिहून ठेवते, म्हणजे मुलीला दिसायला नको. मुलीने ती पानं उलटून पाहिली नसतील का, असं मी विचारलं नाही. तिने स्वतःच डोळे पुसले.

माणूस मेला असता तर गाव रडायला आलं असतं. इथे माणूस जिवंत आहे आणि घरात नाही, आणि त्याच्यासाठी रडायचीही चोरी. अशा अधांतरी दुःखाला मानसशास्त्रात 'अँबिग्युअस लॉस' असं वेगळं नाव आहे. अमेरिकेतल्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी त्यावर 1970 च्या दशकापासून काम केलं. मोठ्यांना ते झेपत नाही, तर आठ वर्षांच्या लेकराने एकटीने कसं पेलायचं?

आम्ही वाक्यं तयार केली. दोनदा मीच मुलगी झाले आणि आईने मला सांगून पाहिलं. पहिल्यांदा ती बांध कोणाचा, चूक कोणाची, मोजणी कधी झाली यातच अडकली. मुलांना खटला नको असतो. पप्पा कुठे आहेत, जेवतात का, कोणी मारत नाही ना, कधी येतील, आणि माझ्यामुळे झालं का, एवढंच हवं असतं. शेवटचा प्रश्न ती बहुतेक विचारत नाहीत, म्हणून त्याचं उत्तर न विचारता द्यायचं. चार वर्षांच्या मुलाला दोन वाक्यं पुरतात. चौदा वर्षांच्या मुलाला कलम काय, पुढे काय हेही सांगावं लागतं, नाहीतर तो मोबाईलवर शोधतो.

"कधी येतील" याचं खरं उत्तर आईकडेही नव्हतं. वकील कोण हेच तिला धड माहीत नव्हतं. इथे सिस्टरांचा खरा उपयोग झाला. त्या तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन गेल्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आणखी एक तरतूद आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याच्या सुटकेचा विचार करावा लागतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत. इथे हे लागू होतं का, ते वकिलाने पाहायचं. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही अशांची ही घरं आहेत, आणि शिक्षा मात्र तिथे सुरू झालेली असते.

आईने घरी सांगितलं ते एका रविवारी संध्याकाळी, चुलीपुढे भाकरी करताना. तिने नंतर मला ते जसंच्या तसं सांगितलं. "पप्पा सुरतला नाहीत. धुळ्याच्या जेलमध्ये आहेत. भांडणात एका माणसाला लागलं. कोर्ट ठरवणार आहे. कधी येतील ते मलाही माहीत नाही. कळलं की पहिल्यांदा तुला सांगेन. तुझं काहीच चुकलेलं नाही."

मुलगी उठली, कंपासपेटी घेऊन आली. आत, पट्टीच्या खाली, एक लेबल सपाट करून ठेवलेलं होतं. भेटीच्या कागदावरून सोललेलं. दुकानाचं नाव आणि खाली 'आग्रा रोड, धुळे'. "माले माहीत शे," म्हणाली. "माय रडस म्हनीसन इचारस नही."

आणि मग ती रडायला लागली आणि थांबेना. कारण वेगळंच निघालं. "मीच सांगं व्हतं पप्पाले, बांधवर ट्रॅक्टर उना म्हनीसन." त्या सकाळी शेतातून धावत येऊन निरोप देणारी तीच होती. सात महिने घरात सुरतेचं नाव निघालं, की ही पोर मनात ते धावणं धावत होती. कोणाला विचारणार? विचारायचं तर आधी सुरत खोटी आहे हे बोलावं लागलं असतं.

पुढे दोन वेळा ती माझ्याकडे आली. चित्रं काढली, फार बोलली नाही. शाळेत कोणी विचारलंच तर काय म्हणायचं ते तिने स्वतःच ठरवलं: "मला त्याच्यावर बोलायचं नाही." लपवणं आणि घरातलं घरात ठेवणं यातला फरक मुलांना लवकर कळतो.

तुरुंगातल्या मुलाखतीला, म्हणजे पप्पांच्या भेटीला, नेण्याआधी आईने तिला सगळं आधी सांगून ठेवलं. मध्ये जाळी असेल, पप्पांना मिठी मारता येणार नाही, सगळे एकदम बोलतात म्हणून मोठ्याने बोलावं लागेल, वेळ पटकन संपेल. हे आधी सांगितलं नाही तर मूल जाळी बघूनच गोठतं. बापाने पहिलाच प्रश्न विचारला, "कितवीत शे माय तू?" "तिसरी." मग तिने ट्रॅक्टरचं विचारलं. तो जाळीला कपाळ लावून म्हणाला, "राग माले उना व्हता, माय. तुन्हं काय त्यामा."

सिस्टरांनी आता आपल्या चौघींत एक ठरवून घेतलं आहे. कुठल्याही घरी पहिल्यांदा जाताना खाऊच्या आधी आईला बाजूला घेऊन विचारायचं, "पोरांना काय सांगितलंय?" आत कोणाची चिठ्ठी, पैसे, निरोप परस्पर न्यायचे नाहीत, आणि जामिनाचं वचन कोणाला द्यायचं नाही. खोटं बोलल्याचा सल त्यांच्या मनातून पूर्ण गेला नाही, असं त्या म्हणतात. मीही तो घालवायची घाई केली नाही. त्यांनी मुलीची माफी मागितली, मुलीने त्यांना एक चित्र दिलं. ते त्यांच्या शास्त्राच्या पुस्तकात आहे.

जामिनाचा अर्ज अजून कोर्टात आहे. पुढची तारीख कॅलेंडरच्या पुढच्या बाजूला, लाल रंगखडूच्या गोलात आहे. गोल मुलीने काढला.